लाईन म्हणायचं नाही

माझा आवाज मोठा आहे हे मी नाही सांगत, लोक सांगतात. एकदा शेतातल्या नवऱ्याला जेवायला हाक मारली, तर तिकडं सारंगखेड्याच्या यात्रेतले तीन घोडे गिऱ्हाईक सोडून आमच्या दारात आले. खोटं वाटत असेल तर घोड्यांना विचारा.

या आवाजापायी गावानं मला कामच लावून दिलंय. आमचं गाव रनाळ्याच्या पुढं, शेतं लांब लांब. वीज आली की मी ओट्यावर उभी राहून ओरडायचं, ‘लाईन उनीऽऽ!’ की ज्याची त्याची मोटार सुरू. मोबाईल आहेत हो सगळ्यांकडं. पण मोबाईललाही आधी लाईन लागते ना!

तर यंदा आमच्या भीमसिंग सरपंचाच्या डोक्यात शुद्ध मराठी गावाचं बक्षीस शिरलं. बक्षीस म्हणजे वेशीवर एक फलक आणि सरपंचाच्या गळ्यात शाल. तपासायला समिती येणार. कुणाच्या तोंडून एक जरी इंग्रजी शब्द निघाला तरी गाव बाद.

आता आम्ही घरात बोलतो अहिराणी. मराठी फक्त शाळेत आणि कचेरीत. म्हणजे समितीसाठी आधी अहिराणीचं मराठी करायचं आणि मग मराठीचं शुद्ध मराठी. दोनदा चाळून पिठात राहिलं काय, तर चाळणी.

शाळेतल्या योगिता मॅडमनं (त्यांनाही आठ दिवस शिक्षिकाताई म्हणायचं होतं) बायकांना बसवून शिकवलं. म्हणाल्या, “आजी, सगळ्यात वाईट सवय तुमची. लाईन म्हणायचं नाही.”

“मग काय म्हणू?”

“वीज आली तर वीजप्रवाह. रेशनची असेल तर रांग. सुरतेच्या गाडीची असेल तर लोहमार्ग. ठिबकची असेल तर नलिका. वहीतली असेल तर रेघ.”

“आणि उदेसिंगचा पोरगा दूधवाल्याच्या पोरीला मारतो ती?”

मॅडम लाल झाल्या. “ती प्रणययाचना.”

“माय वं! मग तो पोरगा नोकरीला लागला, की लाईनीला लागला म्हणतो आपण, ते?”

“स्थिरस्थावर झाला.”

मी बोटं मोजली. एका पिशवीत सगळं मावत होतं, आता सात पिशव्या. मी विचारलं, “हा शब्द इंग्रजांचा ना? मग जाताना घेऊन का नाही गेले? आमच्या गावात तर ते गेल्यावर पंचवीस वर्षांनी आली लाईन.”

भीमसिंग मागून ओरडला, “आजी, प्रॅक्टिस कर, प्रॅक्टिस! मन्ही इज्जतना सवाल शे!”

आता खरी गोष्ट. समिती यायच्या तीन दिवस आधी गावाला वीज देणारी डीपी जळाली. सगळं गाव अंधारात, आणि सगळ्यात वाईट हाल रेवाबाईचे. बाई एकटी. बांधावरचा निंब विकून तिनं पपईची तीनशे रोपं लावली होती, लावून जेमतेम पाच दिवस झालेले. मोटार नाल्याकाठी, रोपं टेकाडावर. तीन दिवस ती डोक्यावर हंडे वाहत होती आणि रोपं माना टाकत होती. लाईनमन सांगून गेला, “दुपारी एक तास सोडतो. मग परवा.”

आणि त्याच दुपारी समिती.

एक रेवाबाई सोडून शाळेत सगळं गाव बसलेलं. समितीचे अध्यक्ष ‘अभिजात’ की काय म्हणत होते, लोक माना डोलावत होते. एवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरला.

सगळं गाव वर बघायला लागलं. पण तोंड कुणी उघडेना. उदेसिंगनं तर तोंडात टोपी कोंबली. मी उठून शाळेच्या ओट्यावर आले, मागोमाग भीमसिंग.

“आजी, शुद्धमा बोल! पाय पडस तुन्हा!”

म्हटलं, बरं बाबा. छाती भरून हाक मारली, “रेवाऽऽ! वीजप्रवाह सुरळीत उना वंऽऽ!”

टेकाडावर रेवाबाईनं हंडा खाली ठेवला. “कोण मरी गयं वंऽऽ?”

“विद्युतपुरवठा म्हण,” भीमसिंग कानात म्हणाला.

“विद्युतपुरवठा पूर्ववत वंऽऽ!”

रेवाबाई मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. शुद्ध मराठीत आमच्याकडं एकच निरोप येतो, सरकारी दवाखान्यातून. तासातली दहा मिनिटं गेली होती. तिच्या पुढ्यात तीनशे रोपं, मागं बंद मोटार, आणि बाई कुणासाठी रडत होती ते तिलाच ठाऊक नव्हतं.

मी भीमसिंगकडं बघितलं. तो हात जोडून उभा.

“लाईन उनी वं रेवाऽऽ! लाऽऽईन!”

अध्यक्षांचा चष्मा नाकावरून उडून हारात अडकला. तापीच्या पाण्यावर तरंग उठले. रेवाबाई अशी पळाली की हंडाच तिच्या मागं घरंगळत आला. आणि शाळेत? तीन दिवस कोंडलेलं गाव त्या एका शब्दानं सुटलं. दारातून, खिडकीतून, जिथून वाट मिळेल तिथून माणसं आपापल्या मोटारीकडं. सगळ्यात पुढं भीमसिंग, समितीला द्यायच्या शालीची घडी काखेत. “मन्ही केळी! मन्ही केळी सुकाई ऱ्हायनी!”

शाळेत उरली फक्त समिती आणि पंखा.

फलक दुसऱ्या गावाला गेला. रेवाबाईची दोनशे ऐंशी रोपं जगली, आता माझ्या खांद्याएवढी झालीत. भीमसिंग महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस ओट्यावर येऊन बसला.

“आजी, तुन्हामुये फलक गया.”

“फलक लावून रात्री दिसणार कसा होता?”

“वर बल्ब लावतू.”

“आणि त्या बल्बला काय लागतं रे?”

त्यानं आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं, आणि हळूच म्हणाला, “लाईन.”

मी त्याला चहा दिला. बिनसाखरेचा. रेशनची लाईन अजून लागायची होती.