करदोड्याखालचं बोट

हेमंतातलं कोवळं ऊन कसबा पेठेतल्या आमच्या लहानशा प्रसूतिगृहाच्या खिडकीत उतरलं, की निर्मला सिस्टर एकेक नवजात त्या उजेडात धरत, मिटलेले तळवे अलगद उलगडत, आणि जवाहिऱ्याने माणकाचं पाणी पारखावं तशी कातडीखालची लाली पारखत. मी नवाकोरा बालरोगतज्ज्ञ. माझी पारख कागदी रिपोर्टांवर चाले, आणि स्वतःची आरशावर.

त्या सकाळी तीन दिवसांच्या, पायाळू जन्मलेल्या मुलाच्या कमरेला आजीने बारशाचीही वाट न पाहता काळा करदोडा बांधलेला दिसला, आणि मला चेव आला. जंतू, अंधश्रद्धा, विज्ञानयुग अशी तोफ डागत मी तो कात्रीने कापला. "अहो आजी, दृष्ट लागायला आधी कुणी बघायला तर हवं याच्याकडे!" वॉर्ड हसला. त्या हशावर मी दुपारपर्यंत तरंगत होतो.

दुपारी सिस्टर आल्या. आवाज नेहमीचा, सावलीसारखा, कधीच न चढणारा.

"डॉक्टर, बाळ पांढरं पडतंय. पोटही वाढल्यासारखं वाटतं."

"सकाळचं रक्त उत्तम आहे, सिस्टर. गॅस असेल."

"सकाळी करदोड्याखालून माझं बोट सहज जात होतं. आता तो असता, तर कळलं असतं."

मी जेवायला गेलो.

परतलो तेव्हा बाळाच्या जांघेत निळसर छाया उतरली होती. पोटात बारीक सुई घातली, तर पिचकारीत रक्तच चढलं. जन्मताना दुखावलेलं यकृत आतल्या आत पाझरत होतं. नाळेतून रक्त दिलं, 'के' जीवनसत्त्व टोचलं, सर्जनना बोलावणं धाडलं. सिस्टरांच्या बोटांत धरलेल्या तळव्यावर लाली एकदा उमटली, आणि सर्जन पोचण्याआधीच मावळली.

बापाने विचारलं, "आधी कळलं असतं तर वाचला असता का हो?"

"नाही," मी ताबडतोब म्हणालो. "कळण्यासारखं काही नव्हतंच."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. दुपट्याची सुरकुती तेवढी सारखी केली. पुढे कितीतरी वर्षं त्या प्रत्येक बाळाच्या पोटाला सकाळ-दुपार टेप लावत राहिल्या, माझ्यादेखत, तशाच अदबीने, त्या दिवसाबद्दल अवाक्षर न काढता.

गेल्या शिशिरात त्या गेल्याचं कळलं, तेव्हा दुःखाच्याही आधी मनात आलं, चला, आता जाणणारं कुणी उरलं नाही. काळ माणसं नेतो, त्यांचे आवाजही पुसतो. पण त्या क्षणी मला वाटलेला सुटकेचा गारवा तो न्यायला विसरला, आणि त्यांची आठवण म्हणून माझ्यापाशी आता तेवढाच आहे.