कुश्तोदियाने झगा घातला नाही

आमच्या उर्झालच्या धर्मादाय इस्पितळात फुकट काही मिळत नाही. खाट, मलमपट्टी, पाव-लसणाचं सूप, सगळ्याची परतफेड दोन जुलैला करावी लागते. तो इस्पितळाचा वर्धापनदिन. पायावर उभ्या राहू शकणाऱ्या गरीब रोग्यांनी छातीवर क्रूस शिवलेला राखाडी झगा घालायचा, अनवाणी गावभर मिरवायचं आणि शेवटी चॅपेलमध्ये देणगीदारांच्या हाताचं चुंबन घ्यायचं. तीनशे वर्षांपूर्वी दोना ब्रितेश या विधवेने आपल्या राहत्या घरात हे इस्पितळ काढलं, तेव्हापासूनची ही रीत, असं सांगतात. आणि मंडळी, आपण दुतर्फा उभे राहून टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या आहेत.

त्या वर्षी बायकांच्या वॉर्डात कुश्तोदिया होती. लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी बाई. राखेच्या पाण्याची उकळती कढई पायावर उलटली आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कातडी सोलून निघाली. डॉक्टरांनी बजावलं होतं की दोन दिवस जरी पट्टी चुकली तरी पाय कापावा लागेल. तरीही वर्धापनदिनाच्या आदल्या सकाळी इस्पितळ चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष एवारिश्तु फाल्काटु झगा घेऊन तिच्या खाटेशी आले. बुचाच्या झाडांचे मळे असलेला हा गृहस्थ कधी आवाज चढवत नसे. त्याला तशी गरजच पडली नव्हती.

"चार पावलं चाललीस म्हणून मरणार नाहीस," ते म्हणाले.

"चार पावलं मी संडासापर्यंत चालते, साहेब. तुमच्यासाठी नाही चालणार."

"मस्ती आली का इथलं खाऊन?"

"निम्म्या गावाच्या चादरी मी धुते. कोणाच्या चादरीवर कसले डाग असतात, मला तोंडपाठ आहे. त्यांच्यासमोर मी अनवाणी, मान खाली घालून जाऊ? नाही जमायचं."

अध्यक्षांनी झगा तिच्या पायथ्याशी टाकला. संध्याकाळपर्यंत घाल, नाहीतर खाट रिकामी कर, असं सांगून ते वळले. आजूबाजूच्या बायकांनी तिलाच बोल लावले. एक दिवस वाकलीस तर काय झिजणार आहेस, म्हणाल्या. कुश्तोदिया उशीखालचं गाठोडं काढून बांधू लागली.

चाळीस वर्षं जखमा धुणाऱ्या सिस्टर पेर्पेतुआंनी हे पाहिलं. त्यांनी गाठोड्यावर हात ठेवून तिला थांबवलं आणि अध्यक्षांना दारातच गाठलं. बाईला काढण्याआधी पाच मिनिटं चॅपेलमध्ये या, म्हणाल्या.

चॅपेल वॉर्डला लागूनच आहे. उजव्या भिंतीवर निळ्या फरश्यांचं जुनं चित्र आहे. त्यात झगा घातलेली अनवाणी माणसं रांगेने चालली आहेत. त्याच चित्राच्या आधारावर आपण दरवर्षी रोग्यांना मिरवतो. चित्राचा खालचा भाग मात्र अध्यक्षांच्या उंच पाठीच्या खुर्चीमागे झाकलेला असतो. दर शनिवारी त्या फरश्या पुसणाऱ्या सिस्टरशिवाय तो कोणी पाहिला नव्हता.

"खुर्ची सरकवा," सिस्टर म्हणाल्या.

खाली तीच झगेवाली माणसं गुडघ्यावर बसली होती, पुढ्यात तस्त घेऊन. ती ज्यांचे पाय धूत होती त्यांच्या अंगावर घरचे साधे कपडे होते. एकाच्या नडगीला पट्टी होती.

"चित्रकाराला काय कळतंय," अध्यक्ष म्हणाले.

सिस्टरनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. दरवर्षी त्याचं पहिलं पान वाचून मिटतात. त्यांनी दुसरं उघडलं. तिथे दोना ब्रितेशने लिहून ठेवलं होतं की या दिवशी मंडळाच्या सभासदांनी झगा घालावा, रोग्यांच्या खाटेशी अनवाणी जावं आणि त्यांचे पाय धुवावेत. जो रोग्याकडून आभार मानून घेईल त्याला मंडळातून काढावं.

म्हणजे आपण रीत उलटी पाळत आलो! कोणाला तरी अनवाणी चालायची लाज वाटली आणि झगा रोग्याच्या अंगावर चढला.

अध्यक्षांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "ही खुर्ची माझ्या आजोबांनी ठेवली," ते म्हणाले.

"हो. जागाही त्यांनीच निवडली."

"सिस्टर, मी असा बाहेर पडलो तर लोक हसतील मला."

"कुश्तोदियाला हसले असते तर तुम्हाला चालणार होतं."

अध्यक्ष वॉर्डात परत गेले आणि खाटेच्या पायथ्याचा झगा उचलून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी तो झगा त्यांच्या पोटावर मिटेना. बाकीच्या सभासदांपैकी दोघेच आले; इतरांना अचानक कामं निघाली. जुलैच्या उन्हाने रस्त्याचे दगड तापले होते आणि अध्यक्ष टाचा उचलत चालत होते. कोणीही टाळी वाजवली नाही. वॉर्डात येऊन ते कुश्तोदियाच्या खाटेशी गुडघ्यावर बसले आणि तिचा धड पाय तस्तात घेऊन धुतला. तिने आभार मानले नाहीत.

"बोटांच्या मध्ये राहिलं, साहेब," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा धुतला. ती खाटेवरच राहिली, आणि पायही राहिला.

मंडळी, दिलेल्या घासाच्या बदल्यात कोणाची मान वाकवून घेणं ही वसुली आहे, आणि आपण ती पिढ्यान्‌पिढ्या टाळ्या वाजवून करू दिली. यापुढे कुठल्याही दानाच्या सोहळ्यात टाळीसाठी हात उचलाल, तेव्हा आधी बघा की अनवाणी कोण उभं आहे.