डाव्या दिव्याचा निकाल

आल्बर्टच्या फियाटचा डावा दिवा गेला आणि पापडीतल्या अख्ख्या आळीला सल्ले सुचायला लागले. लोकांचं काय जातं? आल्बर्ट स्वतः गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात गेला, तेव्हा मातीनंतर यातला एकही ओट्यावर टिकला नव्हता. गाडीचा बल्ब गेल्यावर मात्र सगळे हजर.

सगळ्यांत मोठा सल्ला आल्बर्टच्या बायकोला, इनेझला, तिच्या धाकट्या दिराचा. फ्रेडरिक राहायचा अंधेरीला, त्यामुळे पापडीतल्या शेळ्या तो उंटावरूनच हाकायचा. "वहिनी, गाडी नुसती उभी राहून सडेल. मी नेतो. साधा बल्ब बदलता येत नाही, तर गाडी काय सांभाळणार तुम्ही?" रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर, मासळीचा काटा काढता काढता तो हे बोलला. इनेझ शाळेत शिकवायची, चौथीचा दंगेखोर वर्ग एका नजरेत गप्प करायची. पण घरात आल्बर्टचा विषय निघाला की ती उठून ताटं गोळा करायला लागायची.

उत्तर दिलं सालोमीने, म्हणजे तिच्या सासूने. "आज सांजच्या घंटेपर्यंत दोन्ही दिवे लागले, तर गाडी हितंच राहील. नाय लागले, तर तू ने. मी सोता बघीन." म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ती काय बघणार! पण घरात शेवटचा शब्द तिचाच असायचा. फ्रेडरिकने हसून मान डोलावली आणि मित्राकडे गप्पा मारायला निघून गेला.

बल्ब इनेझने आदल्या दिवशीच स्टेशनजवळच्या दुकानातून आणला होता. "साहेबांना पाठवा बाई, तुम्हाला नाही जमायचं," दुकानदार म्हणाला होता. साहेबांना आता कुठून पाठवू, असं अगदी ओठांवर आलं होतं. तिने बल्ब पर्समध्ये टाकला आणि चालू लागली.

जेवणं आटोपल्यावर ती अंगणात गाडीपुढे मांडी घालून बसली. दिव्याभोवतीच्या चकचकीत रिंगचा स्क्रू खाऱ्या हवेने गंजून धरून बसला होता. तिने त्यावर घासलेटचे थेंब सोडले. आता ते आत झिरपेपर्यंत वाट बघायची.

जानेवारीतलं मऊ ऊन होतं. बॉनेटवर केळीच्या पानांच्या सावल्या हलत होत्या, आणि बघता बघता ते बॉनेट तिला पाण्यासारखं वाटायला लागलं. तिला ती जुनी दुपार आठवली: कळंबच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली होती. ओली वाळू कडक झालेली, त्यावरून फियाट चाललेली, आणि चालवणारी ती. शेजारी आल्बर्ट, बूट काढून, पाय पसरून. "पुढे बघ. माझ्याकडे काय बघतेस?" चाकांपुढून पांढरे पक्षी उठत होते, गाडी जवळ येताच सावकाश बाजूला होत होते. समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागतं, काही कळत नव्हतं. गाडी वाळूला न टेकताच चालली आहे असं तिला वाटलं, म्हणून विचारायला तिने मान वळवली, तर हा बाबा चक्क झोपलेला! कालपरवा शिकलेल्या बायकोच्या हातात गाडी देऊन घोरत होता. एवढा विश्वास तिच्यावर दुसऱ्या कोणी टाकला नव्हता. फ्रेडरिक गाडी नेणार म्हणजे ती झोपही नेणार, आणि ती तिला कोणाला द्यायची नव्हती.

तिने डोळे पुसले, पेचकस लावला आणि अंगातलं सगळं बळ एकवटून फिरवला. स्क्रू करकरला आणि सुटला. रिंग निघाली, काच हातात आली. काचेमागची वायर ओढून तिने काळवंडलेला बल्ब काढला. नवा आधी उलटा धरला म्हणून बसेना, मग खाचेत खाच जुळली तसा अलगद बसला. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

सगळं जागच्या जागी लावेपर्यंत सांजावलं, तेव्हा ती गाडीत बसली आणि बटण दाबलं. पूर्वी आल्बर्ट बल्ब बदलायचा तेव्हा ती समोर उभी राहून "लागला" म्हणायची. आता समोर कोणी नव्हतं. केळीवर पडलेला उजेड एका दिव्याचा की दोन, बसल्या जागेवरून कळेना. तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली आणि फाटकातून फ्रेडरिक आला.

सालोमी काठी टेकत ओट्यावरून उतरली. क्रूसाची खूण करून तिने प्रार्थना पुटपुटली. मग वाकून दोन्ही तळहात दोन दिव्यांच्या काचांवर ठेवले. पोरांचा ताप आणि तव्याची धग ती आयुष्यभर अशीच हातानं ओळखत आली होती. बराच वेळ ती तशीच राहिली.

इनेझ खाली उतरली. उजव्या दिव्यावरची बोटं लाल उजळली होती. डाव्या दिव्यावरच्या बोटांखाली काळोख होता. कुठेतरी गंज राहिला असणार.

"आई, डावा विझलेलाच आहे," फ्रेडरिक म्हणाला.

"दोन्ही गरम हायत."

"अगं, मला दिसतंय ना!"

"तुला बघायला कुनी सांगितलंय? मी बघीन म्हनले होते."

त्याने डाव्या काचेकडे हात नेला, पण म्हातारीने आपला हात काढलाच नाही. आईला तोंडावर खोटं पाडणार तरी कसं? तो मान हलवत घरात गेला.

"आई, डावा दिवा..." इनेझ म्हणाली. वर्गात खोटं बोलणाऱ्याला बाकावर उभं करणारी बाई ती, तिला राहवेना.

"गप ऱ्हा," सालोमी हळू आवाजात म्हणाली. "आल्बर्ट गेला तेव्हाच वाटलं, तू म्हायेरी जाशील. नाय गेलीस. आता गाडी गेली, की तुला हितं काय उरलं?"

इनेझने पुढे होऊन तिचे दोन्ही हात हातात घेतले. उजव्या दिव्यावरचा तळहात चांगला तापला होता, डाव्यावरचा गार पडला होता. मग मात्र इनेझला रडू आवरेना, आणि ते तिने आवरलंही नाही.

म्हातारीने तिला रडू दिलं. मग चाचपडत दार उघडून ती पुढच्या सीटवर बसली आणि काठी पायांत आडवी ठेवली.

"चल, सांडोरला माझ्या बहिनीकडं ने मला," ती म्हणाली. "पन लवकर आटप. एका दिव्यावर अंधारात परतायची मला भीती वाटते."