फाटकाजवळचा फोटो

धाकट्याच्या फोटोंचं प्रदर्शन म्हणजे ताईच्याच घरचं कार्य. आल्या-गेल्याला पाणी विचार, वाकडी फ्रेम सरळ कर, सगळं तिनं अंगावर घेतलेलं. भाऊ रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायचा आणि ताई त्याचं कौतुक करत सुटायची. कुणी ‘हा काय उद्योग’ म्हटलं, की त्याची खैर नसे.

त्याची रीत तिला पाठ होती. कॅमेरा छातीशी, नजर भलतीकडेच. समोरच्याला पत्ता लागायचा नाही. झूम त्याला चालायचं नाही. चेहरा मोठा हवा तर आपण पुढे सरकायचं, हे तो ऐटीत सांगायचा.

शेवटच्या भिंतीशी ती थबकली. फोटोत तीच होती. दवाखान्याचं फाटक, विस्कटलेले केस, गच्च मिटलेले डोळे, कानाला फोन.

त्या दिवशी वर खाटेवर आईनं एकच धोशा लावला होता, “धाकटा आला का गं?” वॉर्डात रेंज मिळेना, म्हणून ताई धावत खाली आली. त्याला पुन्हा पुन्हा फोन लावला. नुसती रिंग. ती वर पोचेपर्यंत आई गेली होती. धाकटा नंतर आला, हमसून रडला. “बसमध्ये अडकलो गं ताई, गर्दीत फोन ऐकूच आला नाही.” तिनं त्याला कुशीत घेतलं. मामा त्याला बोलला, तर ती मामाशी कडाकडा भांडली. बिचाऱ्या मामाशी अजून अबोला आहे.

आणि फोटोत तिची पापणी न पापणी दिसत होती. म्हणजे तो किती जवळ असेल, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

“आवडला?” धाकटा मागे येऊन उभा राहिला. “मुद्दाम सांगितलं नव्हतं. आईची आठवण म्हणून लावलाय.”

“तू तिथं होतास.”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “ताई, उजेड जाणार होता गं. वाटलं, एक फोटो काढतो आणि वर येतो. आई इतक्यात जाईल असं मला काय माहीत?”

“आणि फोन?”

“खिशात थरथरत होता,” तो पुटपुटला. “पण तू तशी उभी होतीस ना... उचलला असता, तर तू डोळे उघडले असतेस.”

परक्यानं फसवलं असतं, तर तिनं चार शिव्या हासडून मन मोकळं केलं असतं. हा पाठचा भाऊ, हिच्या कडेवर वाढलेला. तिला त्याची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या भाबडेपणाची.

तिनं पर्समधून फोन काढून नंबर लावला. त्याच्या खिशात रिंग वाजली. त्यानं स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. लोक वळून बघू लागले.

“उचल ना.”

त्यानं खुळ्यासारखा फोन कानाला लावला. “हॅलो?”

“आई विचारतेय,” ती फोनमध्ये म्हणाली, “धाकटा आला का?”

दोघांत हातभरच अंतर होतं.