तारा नसलेली गिटार

सरांची लेक शिकायला परगावी गेली, तेव्हा तिच्या खोलीत टीव्ही, गेमचं यंत्र आणि एक प्लास्टिकची गिटार मागे राहिली. तिला तारा नव्हत्या. दांडीवर पाच रंगांची बटणं आणि तारांच्या जागी एक खटका. पडद्यावरून रंगीत गोट्या घसरत येत. गोटी रेषेला टेकली की त्या रंगाचं बटण दाबून खटका मारायचा. वेळ साधली तर गाणं चालू राही, हुकली तर गिटारचा आवाजच गायब होई. त्या वर्षी घरोघरी हेच खूळ होतं.

सरांना त्याचा मनस्वी राग होता. बावीस वर्षं ते बाहेरच्या खोलीत गिटार शिकवत होते. आता नवे विद्यार्थी दुसऱ्याच आठवड्यात विचारत, "सर, गाणं कधी वाजवायचं?" बोटांना घट्टे पडेपर्यंत थांबायची कुणाची तयारी नव्हती.

बायको वारल्यावर सरांची धाकटी बहीण, माई, त्यांच्याकडे राहायला आली होती. ती दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लिहून घ्यायची. संध्याकाळी घरी आली की लेकीच्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. टीव्ही बघत असेल, असं सर धरून चालले होते.

एका संध्याकाळी त्यांचे सर्वांत जुने विद्यार्थी, एक वकील, वाजवता वाजवता थांबले.

"आत कोण खेळतंय हो? केव्हाचा ऐकतोय, क्वचितच चुकतंय."

सरांनी दार ढकललं. दवाखान्यातल्याच कपड्यांत, गळ्यात ती गिटार अडकवून माई उभी होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. गाणं संपलं आणि पडद्यावरचे प्रेक्षक उड्या मारू लागले. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव.

"अगं, हे कधीपासून?"

"पोरगी गेल्यापासून. आधी या प्रेक्षकांच्या फार शिट्ट्या खाल्ल्या."

वकिलांनी आग्रहच धरला, तेव्हा सरांनी ती गिटार हातात घेतली. हे गाणं ते डोळे मिटून वाजवत. पण बोटं खऱ्या कॉर्डच्या जागा शोधायला लागली, आणि सूर जरासा रेंगाळत लावायची त्यांची सवय यंत्राला मानवेना. मिनिटभरात प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि गाणं बंद पडलं. वकील खोकल्याच्या आड हसले. माई खुशाल हसली.

"हे संगीत नव्हे," वकील गेल्यावर सर म्हणाले. "नुसती बटणं दाबणं. लिफ्टमध्येही दाबतात."

"मला कळत नाही का ते? पण दादा, तेवढी चार मिनिटं मी गाण्याच्या आत असते. बाहेर ताटकळत नसते."

"तुला बाहेर कुणी ठेवलं?"

माई पट्टा सोडवत राहिली. मग म्हणाली, "मी नऊ वर्षांची होते. शाळेच्या कार्यक्रमासाठी तू माझ्या हातात खंजिरी दिली होतीस. आदल्या दिवशी काढून घेतलीस. सगळ्यांदेखत म्हणालास, हिला तालाचा गंध नाही."

सरांना काहीच आठवेना. तेच त्यांना जास्त लागलं.

"आणि एक सांगू?" माई म्हणाली. "त्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी दुसरी गिटार अर्धी मात्रा थांबते. तू शिकवतोस तेव्हा ती जागा सरळ ओलांडून जातोस."

"काहीतरीच!"

बाहेर जाऊन त्यांनी रेकॉर्ड लावली. तीनदा ऐकली. गिटार थांबत होती. किती जणांना आपण हे चुकीचं शिकवलं, याचा ते बराच वेळ हिशेब लावत बसले, मग नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी माई कामावरून येताच त्यांनी आपली गिटार तिच्यापुढे धरली. "बस. मी शिकवतो."

माईनं दोन तारा दाबून पाहिल्या आणि बोट चोळलं. "नको रे. एवढं सोसायचा आता उत्साह नाही. आणि खरं सांगायचं तर, तुझ्या हाताखाली शिकायची हौसही नाही."

सरांचा चेहरा पडला. "बारा वर्षांचा होतो गं मी."

"माहीत आहे. म्हणून तर इतकी वर्षं बोलले नाही." तिनं प्लास्टिकची गिटार गळ्यात अडकवली आणि पडद्यावर तेच गाणं लावलं. "तू तुझी वाजव, मी माझी वाजवते."

सरांनी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि पलंगाच्या कडेला बसून सुरुवात केली. खोलीत आता फक्त त्यांच्या तारा आणि माईच्या खटक्याची टकटक. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात माईचं बोट घसरलं.

"चुकलं," ती म्हणाली.

"असू दे," सर वाजवता वाजवताच म्हणाले. "थांबू नकोस."