रादिसावचा लाकडी बुधला

मित्रांनो, माणूस प्रथम शिकारीला निघाला तेव्हा त्याच्या एका हातात शस्त्र होते आणि दुसऱ्या हातात पाणी. मानवजातीचा निम्मा इतिहास त्या दुसऱ्या हाताने घडवला. मी एक जुना लाकडी बुधला आहे, त्या थोर परंपरेचा वारस. माझ्या पोटात आजवर पाणी एकदाच राहिले, तेही पाऊण तास.

सर्बियाच्या डोंगरातल्या आमच्या गावी एका अखंड ओंडक्यातून मला चपटे, गोल कोरून काढले आणि आतून मेण पाजले. माझे काम मानाचे. लग्नघरचा माणूस मला फुले बांधून दारोदार नेई. आत आलुबुखाऱ्याची घरची दारू असे. ज्याला आमंत्रण, तो छातीवर क्रूस काढून एक घोट घेई आणि आपल्या घरची दारू ओतून मला पुन्हा भरून देई. माझा मालक रादिसाव, त्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मी सत्तर घरे फिरलो. लोकांनी माझी फार स्तुती केली. काहींना स्तुती करता करता खाली बसावे लागले.

पुढे सप्टेंबरातल्या एका सकाळी रादिसाव रानडुकराच्या शिकारीला निघाला. सोबत शहरातला जावई ओग्न्येन आणि कुत्री झुया. बायको गेल्यापासून रादिसाव मनातले बोले ते झुयाशीच.

पाणी कशात न्यावे, यावर खल झाला. "पत्र्याची बाटली खणखणते, प्लास्टिकची चुरचुरते," रादिसाव म्हणाला. "डुकराचे कान म्हणजे काय समजलात! लाकूड गप्प राहतं." त्याने मला विहिरीवर भरले. जावयाच्या पाठीवर पाण्याची पिशवी होती, तिची नळी थेट तोंडापर्यंत आलेली.

"जावईबापू, शिकारीला निघालात की सलाईन लावून घ्यायला?"

"बाबा, असू द्या. हात मोकळे राहतात."

गावाच्या टोकाला शेजारी मिलुन भेटला. मला पाहताच त्याने टोपी काढली. "धाकटीचं जमलं वाटतं!" म्हणत क्रूस काढून घोट घेतला, आणि त्याचा चेहरा पडला. "काका, हे पाणी आहे."

"पाणीच आहे. शिकारीला चाललोय."

"बास, बास. पैशाची अडचण असेल तर सांगावं माणसानं, लपवू नये." मिलुनने डोळे पुसले, माझे पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतले आणि मला घरात नेऊन काठोकाठ दारूने भरले.

शेजाऱ्याने भरून दिलेला बुधला रिकामा करणे आमच्याकडे वैर पत्करण्यासारखे. "वर झरा आहे," रादिसाव पुटपुटला आणि चालू लागला. झरा आटला होता. बंदूक हाती असताना तो दारूचा थेंब घेत नसे. तहान गिळत राहिला.

दुपारी झुया डुकराच्या मागे तासभर धावली. परतली ती झोकांड्या खात. पाचोळ्यात कोसळली, जीभ जांभळी पडली, डोळे फिरले. रादिसावने घाईघाईने माझे बूच काढले. वास येताच त्याचा हात थांबला.

मित्रांनो, तेव्हा मी भरलेला होतो. इतका रिकामा मी कधीच नव्हतो.

"झुये, अगं बघ ना माझ्याकडं," तो म्हणत राहिला.

ओग्न्येन गुडघ्यांवर बसला. नळीने तिच्या जिभेवर थेंब थेंब सोडला, पोट भिजवले, पंजे भिजवले. बऱ्याच वेळाने शेपटी एकदा हलली. रादिसाव तोंड फिरवून नाक शिंकरत राहिला. मग म्हणाला, "बापू, ती सलाईन... मलाही द्या जरा."

त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात खिळ्यावर आहे. लाकूड वाळले, पोटाला बारीक चीर गेली. तक्रार नाही. एवढेच सांगतो: शिकारीला पाणी न्याल तर अशा भांड्यात न्या, ज्याला गावात कोणी ओळखत नाही. आणि तुमच्या भरवशावर जो धावतो, त्याची तहान आधी मोजा.

मला तेल नको, नवी फुलेही नकोत. फक्त कोणीतरी मला पलीकडच्या खिळ्यावर टांगा. झुयाचे भांडे नेमके माझ्याखाली आहे, आणि पाणी पिताना ती सगळा वेळ माझ्याकडे बघत असते.