बेचिराख

सरकारी दप्तरात त्या डोंगरावरच्या गावाच्या नावापुढं एकच शब्द लिहिलाय: बेचिराख. चिराख म्हणजे दिवा. जिथं आता दिवा लागत नाही ते गाव. निरगुडसरच्या भावकीला हा शब्द कधीच मान्य नव्हता. वरचं गाव दुष्काळानं उठलं की पटकीच्या साथीनं, हे कुणालाही सांगता येत नाही, पण दरसाल चैत्री पौर्णिमेला सगळी भावकी घोडेगावच्या पुढं जीपा लावते, डोंगर चढते आणि कारवीच्या झुडपांत बुडालेल्या आपापल्या जोत्यावर दिवा लावून येते. भिंती नाहीत, आढं नाही. नुसती दगडी जोती, एखादं फुटकं जातं आणि कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. तरी ज्याच्या जोत्यावर दिवा लागला त्याचं घर जितं, अशी पक्की समजूत.

सोनीबाई कित्येक वर्षांनी हा डोंगर चढत होती. पुढं तिची लेक आरती, पिशवीत निरांजन आणि तेलाची बाटली घेऊन. वाती आरतीनं स्वतः वळल्या होत्या.

सोनीबाईचा नवरा चांगदेव गेला, त्या साली ती अशीच लेकीला घेऊन वर आली होती. थोरल्या पातीचं, म्हणजे थोरल्या भावाच्या शाखेचं जोतं तिचं. तिनं दिवा लावला, हात जोडले, तोच धाकटा दीर दादाभाऊ पुढं झाला आणि वाकून त्यानं दोन बोटांनी वात चिमटली.

"वैनी, मागं नुसती पोरगी हाये. पोरगी दुसऱ्याचं घर उजळती. हे घर बेचिराख झालं."

सगळी भावकी उभी होती. कुणी घसा खाकरला, कुणी टाक्यात वाकून बघत बसलं, जसं काही तिथं मासेच होते. थोरल्या पातीचा दिवा सगळ्यांआधी लागायचा, तो मान त्यानंतर दादाभाऊनं आपल्याकडं घेतला, आणि सोनीबाईनं निरगुडसर सोडलं. अवसरी खुर्दला कॉलेजातल्या पोरांचे डबे करून तिनं आरतीला शिकवलं. आरती आता त्याच कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला आहे. एवढ्या वर्षांत राग मात्र सोनीबाईनं लोणच्यासारखा जपला, पाण्याचा थेंब लागू न देता.

मग गेल्या साली दादाभाऊचा एकुलता एक मुलगा आदेश हायवेला टँकरखाली गेला. सोनीबाई भेटायला गेली, रडली, आणि ते रडणं खरं होतं. त्या पोराला तिनं मांडीवर घेऊन भात भरवला होता. पण परतीच्या एसटीत एक विचार तिच्या शेजारी येऊन बसला. आदेशच्या मागंही नुसती पोरगीच आहे. तिला स्वतःची लाज वाटली, तरी त्या विचाराला तिनं उठवलं नाही.

चैत्र लागला तसा दादाभाऊचा फोन आला. भावकीतला सगळ्यात म्हातारा सावळेराम त्याला म्हणाला होता की नियम तुझ्याच तोंडचा आहे. पोरीवर थोरल्या पातीचा दिवा लागला तर तुझाही लागेल, नाहीतर कसा लागायचा? म्हणून दादाभाऊ वैनीला बोलावत होता, घरच्या म्हणून या, आरतीलाही आणा म्हणत होता. आरतीला आनंद झाला. सोनीबाई लगेच हो म्हणाली, तेव्हाच लेकीला शंका यायला हवी होती.

सोनीबाई वर पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिच्या जोत्यावरची कारवी कुणीतरी काढली होती, टाक्याचं पाणी आणून दगड धुतले होते. दादाभाऊनंच. त्याचे हात चिखलानं भरले होते आणि माणूस निम्मा झाला होता. शेजारच्या जोत्यावर आदेशची बायको वैजयंती लेकीला कडेवर घेऊन बसली होती, पुढ्यात तयार निरांजन.

दादाभाऊनं सगळ्यांसमोर हात जोडले. "वैनी, माझं चुकलं. पोरीचं घर बी घरच असतंय. तुमी लावा, मंग आमी लावतो."

तो हुज्जत घालील असं तिला वाटलं होतं. हात जोडील असं वाटलं नव्हतं. क्षणभर तिचं मन डगमगलं, आणि त्या डगमगण्याचाच तिला राग आला. तिनं निरांजन मांडलं, तेल घातलं, वात नीट केली. सावळेरामनं काडेपेटी पुढं केली. तिनं ती घेतली नाही. जोत्यावर मांडी घालून बसली.

"भावजी, बेचिराख घरात दिवा कोण लावतं?"

"ती माझी जीभ व्हती, वैनी."

"तुमचीच. ती आता माझ्या पोरीसाठी न्हाई, तुमच्या नातीसाठी फिरलीया. आदेश असता तर फिरली असती का?"

वैजयंती उठून जवळ आली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, म्हणून तो जास्त लागला. "काकू, माझ्या पोरीनं काय केलंय?"

सोनीबाईनं त्या पोरीकडं बघितलं. डोळे थेट आदेशचे होते.

"काय न्हाई केलं. माझ्या बी पोरीनं काय केलं न्हवतं."

दादाभाऊनं काडी ओढली असती तर कुणी हात धरला नसता. त्यानं काडी काढलीही. मग भावकीच्या तोंडांकडं पाहिलं, आणि काडी परत पेटीत ठेवली. सोनीबाईला बरं वाटलं. अगदी पोटातून, कडक उन्हात माठातलं पाणी प्यावं तसं बरं वाटलं. आजूबाजूला एकेक जोतं उजळत गेलं आणि मधली दोन शेजारशेजारची काळी राहिली. दादाभाऊ गुडघ्यात डोकं घालून बसला होता. तिनं ते मन भरेपर्यंत पाहिलं.

उतरताना आरती मोबाइलची बॅटरी धरून पुढं चालली होती. अर्धी वाट सरली. मग न थांबता म्हणाली, "काकानं एक इझवला व्हता. तू दोन इझवलेस. त्यातला एक माझा."

हे सोनीबाईला तेल घालतानाच ठाऊक होतं.

"व्हय," ती म्हणाली. "तुझाच जड गेला."

आरतीनं बॅटरी आईच्या पायांपुढं धरली, पण हात दिला नाही. सोनीबाईनंही मागितला नाही. परत वर जाऊन काडी ओढावी असं तिला अजूनही वाटत नव्हतं.